रविवारचे शंभर तास

ताई, तुमचा प्रश्न मोठा आहे, म्हणून मला तो जसा कळला तसा आधी सांगतो. तुमच्या सिनेगॉगमध्ये दर रविवारी दहा ते बारा हिब्रूचा वर्ग भरतो. मुलं नऊ, वयं पाच ते चौदा. वर्गाला तीन वर्षं होत आली. तुमचा मुलगा साडेअकरा वर्षांचा आहे. आलेफ-बेथचं, म्हणजे हिब्रू मुळाक्षरांचं, गाणं तो झोपेतही म्हणेल, पण सिद्दूर, आपलं प्रार्थनेचं पुस्तक, हातात दिलं की एक ओळ वाचता येत नाही. दीड वर्षावर त्याची बार मिट्झवा आली आहे, तेरा पूर्ण झाल्यावर मुलगा धर्माने मोठा होतो तो विधी. कमिटीतले काहीजण म्हणतात, इस्रायलमधला ऑनलाइन शिक्षक लावू. सासरे म्हणतात, देवनागरीतली पुस्तकं आहेत की घरात, आम्ही नाही का त्यावरच शिकलो? आठ वर्षांची मुलगी विचारते, मला याचा काय उपयोग? आणि तुम्हाला ठरवायचं आहे की प्रार्थनेची हिब्रू शिकवावी की बोलायची. शेवटी हळूच फीचंही विचारलं आहे.

मी मुंबईच्या उपनगरातल्या एका सिनेगॉगमध्ये चोवीस वर्षं हा वर्ग घेतो आहे. नोकरी बँकेत केली, शिकवण्याचं रीतसर शिक्षण काहीही नाही. पहिली सहा-सात वर्षं तर तुमच्या वर्गासारखीच गेली, म्हणजे गाणं सगळ्यांना येतं आणि वाचता कोणालाच येत नाही. तेव्हा हे पुस्तकातलं नाही, हात पोळून आलेलं आहे असं समजा.

आधी वेळेचा हिशेब करू. दीड वर्षात रविवार येतात साधारण अठ्ठ्याहत्तर. त्यातून सहामाही आणि वार्षिक परीक्षेचे रविवार वजा करा. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी वजा करा. लग्नं, साखरपुडे, लोकलचा मेगाब्लॉक, जुलैतले दोन-तीन बुडालेले रविवार. माझ्या हजेरीच्या वह्या बघून सांगतो, पन्नास रविवार हाती लागले तर नशीब. पन्नास दुणे शंभर तास, तेही नऊ मुलांत वाटून, आणि त्यातला थोडा वेळ टोप्या शोधण्यात जाणार.

शंभर तासांत कुठलीही भाषा येत नाही. आपली मुलं पहिलीपासून रोज इंग्रजी शिकतात, तरी सातवीत चार वाक्यं बोलताना घाम फुटतो. पण शंभर तासांत वाचन येतं. बोट ठेवून, न अडखळता, स्वच्छ वाचन. म्हणून प्रार्थनेची की बोलायची, या प्रश्नाचं माझं उत्तर असं की दोन्हीच्या आधी वाचायची. जी घरं खरोखरच आलिया करणार आहेत, म्हणजे इस्रायलला कायमची जाणार आहेत, त्यांना तिथे गेल्यावर उल्पान, म्हणजे हिब्रूचा वर्ग, आहे, आणि मूल असेल तर शाळेतल्या मैदानावर बोलायची हिब्रू भराभर उचलतं. ते काम आपण इथे रविवारी करायला गेलो तर धड ना हे, धड ना ते. वाचता येणारं मूल मात्र तिथे पहिल्या दिवशी बसची पाटी वाचायला धडपडतं आणि चार दिवसांत वाचतंही. पाट्यांवर खालचे स्वरांचे टिंब नसतात, तेव्हा जरा गोंधळतं, पण अक्षरं ओळखीची असतात.

रविवारच का, हे मुलं विचारतात, म्हणून सांगून ठेवतो. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या आपल्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, लिहायचं नाही. शनिवारी वर्ग घेतला तर फळा नाही, वही नाही, पेन्सिल नाही. त्यामुळे शनिवारी फक्त ऐकणं, म्हणणं आणि गोष्टी. पूर्वी हा पेच नव्हता. १८७५ साली हाईम सॅम्युअल केहिमकरांनी मुंबईत आपल्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी, मुलांसाठी शाळा काढली, तीच पुढे माझगावची सर एली कदुरी शाळा झाली. तिथे हिब्रू हा शाळेतलाच विषय होता. मग १९४८ नंतर घरंच्या घरं इस्रायलला गेली, उरलेली उपनगरांत पांगली, आणि शाळेत बहुतेक मुलं इतर समाजांची झाली. आठवड्याभरात पसरलेलं शिक्षण दोन तासांत कोंबायची वेळ आपल्यावर आली ती अशी. रविवारचा एक फायदा मात्र आहे, तो पुढे सांगतो.

आता मुद्द्याचं. तुमच्या वर्गात मुलं जे शिकतात ते रविवारी बारा वाजता संपतं. पुढच्या शनिवारी सिनेगॉगमध्ये त्याचं काही काम पडत नाही. वडील तालिथ, प्रार्थनेची शाल, घेऊन उभे, मुलं मागच्या बाकावर चुळबुळ करत बसलेली. ज्या गोष्टीचं काम पडत नाही ती गोष्ट मूल का लक्षात ठेवेल? मी अठरा वर्षांपूर्वी एकच बदल केला, आणि माझ्या वर्गाला जे काही यश आलं ते त्यातूनच आलं. प्रत्येक मुलाच्या नावावर प्रार्थनेतली एक ओळ केली. ती ओळ आली की हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, थांबतात, ते मूल उभं राहतं, सिद्दूरमध्ये बघून मोठ्यांदा म्हणतं, आणि प्रार्थना पुढे चालू होते. सगळं मिळून दहा सेकंद. आमच्या तेव्हाच्या हजानांनी सुरुवातीला नाकं मुरडली, ‘प्रार्थना म्हणजे गॅदरिंग आहे का?’ म्हणाले. पण एका शब्बाथला सहा वर्षांच्या एका पोरीने शेमाची, देव एक आहे या आपल्या मुख्य प्रार्थनेची, ओळ म्हटली आणि वरच्या गॅलरीत तिच्या आजीने डोळ्यांना पदर लावला, त्यानंतर त्यांनीच मला विचारायला सुरुवात केली, पुढच्या वेळी कोण?

ओळी वाटायला सगळ्यात सोयीची प्रार्थना म्हणजे अश्रे. १४५वं स्तोत्र. त्यातली कडवी आलेफ, बेथ, गिमेल अशा क्रमाने सुरू होतात. प्रत्येक मुलाला एक अक्षर, त्या अक्षराचं कडवं त्याचं. अक्षरं बावीस, कडवी मात्र एकवीस, कारण नूनचं कडवंच नाही. मी हे आधी सांगत नाही. मुलांना सांगतो, नून शोधून द्या, देईल त्याला चॉकलेट. दहा मिनिटं नऊ डोकी सिद्दूरमध्ये खुपसलेली असतात. तेवढ्यात बाकीची एकवीस अक्षरं दोनदा नजरेखालून जातात. चॉकलेट मग सगळ्यांनाच द्यावं लागतं.

आलेफ-बेथचं गाणं येतं पण वाचता येत नाही, याचं कारण सोपं आहे आणि ते तुमच्या मुलाच्या डोक्यात नाही, आपल्या शिकवण्यात आहे. मराठीत अक्षराचं नाव आणि आवाज एकच. क म्हणजे क. हिब्रूत अक्षराचं नाव लामेद, आवाज ल. गाण्यात नावं पाठ होतात. मग मूल शब्दावर बोट ठेवतं आणि ‘लामेद... आलेफ...’ करत बसतं. त्याला सांगा, इंग्रजीत एच नावाच्या अक्षराचा आवाज ह असतो ना, तसं. आणि काही दिवस नावं बाजूला ठेवा, नुसते आवाज घ्या. मग बाराखडी करा. ही आपल्या मुलांची मोठी जमेची बाजू आहे, इंग्रजी माध्यमातल्यांचीसुद्धा, कारण मराठी विषय त्यांनाही असतोच. व्यंजनाला खाली-वर स्वराची खूण लावायची, हे त्यांना काना-मात्रा-वेलांटीतून ठाऊक आहे. अक्षराखाली एक टिंब म्हणजे इ. शेजारीशेजारी दोन टिंबं म्हणजे ए. तीन टिंबांचा त्रिकोण, तोही ए. तीच तीन टिंबं तिरप्या ओळीत उतरली की उ. एकच मेम घ्यायचा आणि फळ्यावर मा, मी, मे, मो, मू. उजवीकडून डावीकडे जायला दोन रविवार लागतात, त्याची काळजी करू नका. लहान मुलं ते मोठ्यांपेक्षा लवकर पचवतात.

अक्षरांची सुरुवात आलेफपासून करू नका. शेमापासून करा. ‘शेमा यिस्राएल’ या दोन शब्दांत सात वेगवेगळी अक्षरं आहेत. सहा शब्दांची ती पूर्ण ओळ घेतली तर बारा. म्हणजे बावीसातली निम्म्याहून जास्त अक्षरं एका ओळीत, आणि ती ओळ मुलाला आधीपासून तोंडपाठ. आपल्या पूर्वजांना कोकणात बाकीची हिब्रू विसरायला झाली तरी शेमा टिकला होता. सुंता असो, लग्न असो, मयत असो, प्रत्येक ठिकाणी तोच म्हणत. हे मुलांना सांगितलं की त्यांना ती ओळ शाळेच्या कवितेसारखी वाटत नाही.

त्याच ओळीत सगळ्यात घातक जोडीही भेटते, दालेथ आणि रेश. दोन्ही दिसायला जवळजवळ सारखी. दालेथला मागे छोटा कोपरा निघालेला असतो, रेश तिथे गोल वळतो. शेवटचा शब्द एहाद, म्हणजे एक. त्यातला दालेथ रेश म्हणून वाचला तर होतं आहेर, म्हणजे दुसरा. देव एक आहे म्हणायच्या जागी देव दुसरा आहे! म्हणून सेफेर तोरात, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांच्या हाताने लिहिलेल्या गुंडाळीत, त्या ओळीतला दालेथ मुद्दाम मोठा लिहितात. शेमामधला आयिनही मोठा असतो, आणि ती दोन मोठी अक्षरं जोडली की एद हा शब्द होतो, साक्षीदार. मी फळ्यावर दालेथ काढतो, त्याचा कोपरा बोटाने पुसून रेश करतो आणि मुलांना विचारतो, आता काय झालं? एकदा हे पाहिलेलं मूल ती दोन अक्षरं पुन्हा चुकत नाही. बेथ आणि कफ, हे आणि हेथ, या जोड्याही अशाच समोरासमोर ठेवून शिकवाव्या लागतात, पण त्यांना एवढी चांगली गोष्ट नाही.

वर्गात झेरॉक्स वाटत असाल तर एक सांभाळा. देवाचं चार अक्षरी नाव असलेला कागद कचऱ्यात टाकता येत नाही, तो साठवून कब्रस्तानात पुरावा लागतो. आमच्याकडे अशी दोन पोती जमली होती. आता मी सरावाच्या कागदावर त्या जागी यूद हे अक्षर दोनदा छापतो. अनेक सिद्दूरांत तसंच असतं, मुलांना सवयही होते.

आता सासऱ्यांचं म्हणणं. त्यांचा मान राखूनच लिहितो, कारण मी त्यांच्याच शाळेतला. माझ्या वडिलांनी माझी हफ्तारा, म्हणजे संदेष्ट्यांच्या ग्रंथांतला वाचायचा उतारा, वहीत देवनागरीत लिहून दिली होती. मी ती घडाघडा पाठ केली. बार मिट्झवाच्या दिवशी हातात जो हुमाश, म्हणजे छापील तोरा, आला तो वेगळ्या छपाईचा निघाला. मी आपला बोट ठेवून जोरात म्हणत सुटलो. सूर बरोबर, शब्द बरोबर. आजोबा तेव्यापाशी, म्हणजे वाचनाच्या व्यासपीठापाशी, माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी काही न बोलता माझ्या बोटाखालचं पान उलटलं, आणखी एक उलटलं, आणि माझं बोट उचलून योग्य जागी ठेवलं. तोंडात यशया होता आणि बोट यिर्मयावर. बाकी कोणाला कळलं नाही. मला मात्र कळलं की मला वाचता येत नाही, आणि ते पुढे विशीत कोणाकडे तरी जाऊन शिकावं लागलं.

देवनागरीच्या पुस्तकांत दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि आपण त्यांची गल्लत करतो. एक मराठी भाषांतर, दुसरी हिब्रू शब्दांची देवनागरी अक्षरं. भाषांतर हे आपलं धन आहे. १८३२ साली जॉन विल्सन या मिशनऱ्याने मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. त्याचा हेतू धर्मांतराचा होता. आपल्या लोकांनी व्याकरण घेतलं आणि धर्म आपलाच ठेवला. कोचीनहून आलेल्या यहुदी शिक्षकांनी प्रार्थना शिकवल्या. १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात पेसाह सणाला घरी वाचतात ती हगादा मराठी भाषांतरासह छापून निघाली. जोसेफ इझिकेल राजपूरकरांसारख्या माणसाने आयुष्यभर प्रार्थना मराठीत आणल्या. मुलाला अर्थ कळायचा तर तो मराठीतूनच कळणार, तेव्हा ही पुस्तकं वर्गात हवीतच. देवनागरीतली हिब्रू मात्र कुबडी आहे. आलेफही अ आणि आयिनही अ, तेथ आणि ताव, कफ आणि कोफ, सगळ्यांचा एकच घोळ. शिवाय डोळा आळशी असतो. दोन्ही लिप्या एका पानावर असल्या की तो ओळखीच्या लिपीवरच जातो, हिब्रूकडे ढुंकूनही बघत नाही. आजारी माणसाला, म्हाताऱ्यांना, लग्न होऊन आपल्यात आलेल्या सुनेला ती कुबडी जरूर द्या. दहा वर्षांच्या धडधाकट मुलाला देऊ नका. आणि मूल खरंच वाचतंय की पाठ म्हणतंय हे बघायचं असेल तर ओळीच्या मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवा आणि विचारा, हा कुठला? मला कोणी असं विचारलं असतं तर तेव्हाच भांडं फुटलं असतं.

उच्चारांवरून घरात भांडणं होतील, तयारी ठेवा. आजोबा म्हणणार शब्बाथ, यूट्यूब म्हणणार शबात. अलिबागच्या सिनेगॉगचं नाव मागेन आबोथ, इस्रायलमधला माणूस म्हणेल मागेन अवोत. दोन्ही बरोबर आहे. प्रार्थनेत आपल्या सिनेगॉगचा उच्चार ठेवा, आणि मुलांना सांगा की तिथे असं म्हणतात. आजोबांना दुरुस्त करायची मुभा कोणत्याही मुलाला देऊ नका. एका अक्षरात तर आपण जगाला शिकवू. त्सादीचा उच्चार इंग्रजीवाल्यांना जड जातो, आपल्याकडे तो घरचाच आहे: चाकातला, चमच्यातला च. चंद्रातला नव्हे. मिट्झवा, मित्स्वा, मिच्वा असं आपण देवनागरीत दहा प्रकारे लिहितो, त्यापेक्षा मुलाला ‘चमच्यातला च’ म्हणा, क्षणात जमतं.

ऑनलाइन शिक्षकाबद्दल. नऊ मुलांना एका पडद्यासमोर बसवून काही होत नाही. केलं आहे, टाळेबंदीत दीड वर्षं केलं. आठवतंय ते एवढंच की कुणाच्या तरी घरचा कुकर प्रत्येक वेळी शेमाच्या मधेच शिट्टी द्यायचा. एकट्या मुलाला वीस मिनिटं, बार मिट्झवाच्या तयारीपुरता, असा शिक्षक उपयोगी पडतो. पण दोन गोष्टी आधी बघा. एक, इस्रायलमध्ये रविवार हा कामाचा आणि शाळेचा दिवस. आपण त्यांच्या उन्हाळ्यात अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन तास पुढे. तुमचे सकाळचे दहा म्हणजे तिथे साडेसहा-साडेसात. तेव्हा आठवड्यातली एखादी संध्याकाळच जमेल. दोन, तआमिमची, म्हणजे वाचनाचे सूर सांगणाऱ्या खुणांची, चाल. शिक्षक त्याच्या घराण्याची चाल शिकवणार, आणि मुलगा तुमच्या तेव्यावर उभा राहून ती म्हणायला लागला की सगळे म्हातारे एकमेकांकडे बघणार. त्यापेक्षा तुमच्या हजानांचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. बुधवारी-गुरुवारी घ्या, शब्बाथला नाही. मुलगा तोच ऐकत बसेल. आमच्याकडे दोन हजान वारले, त्यांचे आवाज आता असेच उरले आहेत.

तुमच्या मुलाचं मी असं करीन. पहिले नऊ महिने बार मिट्झवा हा शब्द काढायचा नाही, फक्त वाचन. त्यानंतर तोराच्या आधीची आणि नंतरची बेराखा, म्हणजे आशीर्वचन, या दोन पक्क्या. मग हफ्तारा, कारण ती छापील पुस्तकातून स्वरांसकट वाचायची असते. प्रत्यक्ष सेफेर तोरात ना स्वर असतात ना तआमिम, म्हणून तिथली चार-पाच पासुकं, म्हणजे ओळी, सगळ्यात शेवटी घ्यायची, तिक्कून या सरावाच्या पुस्तकावरून घोटून. झाली तर उत्तम, नाही झाली तर हजान वाचतील. तेरा पूर्ण झाली की मुलगा बार मिट्झवा होतोच, त्याने वाचलं काय नि नाही वाचलं काय. हे त्याला स्पष्ट सांगा. धास्तीने पाठांतर वाढतं, वाचन नाही. आणि मघाशी रविवारचा फायदा म्हणालो तो हा: तेफिल्लिन, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी दंडाला आणि कपाळाला बांधायच्या चामडी पेट्या, शब्बाथला बांधत नाहीत, रविवारी बांधतात. बाराव्या वर्षानंतरच्या मुलांना मी वर्गाच्या आधी अर्धा तास बोलावतो, तेफिल्लिन बांधायला शिकवतो, थोडी शाहरिथ, म्हणजे सकाळची प्रार्थना, होते. त्या अर्ध्या तासाला ती मुलं स्वतःला मोठी समजतात, आणि नंतर वर्गात छोट्यांना शिकवायला बसतात. नऊ मुलांचे वयाप्रमाणे तीन गट पाडायच्या फंदात पडू नका, तेवढे शिक्षक आणणार कुठून? जोड्या लावा. चौदाचा सातच्याला शिकवतो तेव्हा त्याचंही पक्कं होतं.

मुलीचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. वाचन तिला अगदी तेवढंच शिकवा, एका अक्षराने कमी नाही. सिनेगॉगमध्ये तिला कुठे उभं राहता येईल हे तुमच्या कमिटीवर अवलंबून आहे, ते मी इथून ठरवू शकत नाही. आई-वडिलांपैकी एकजणच यहुदी आहेत अशा मुलांचंही तसंच. कमिटीचा निर्णय काहीही असो, वर्गाचं दार बंद करू नका. घरात मात्र तिला आजच काम देता येईल. शुक्रवारी दिव्याची बेराखा तुमच्या बरोबरीने, पेसाहला ‘मा निश्ताना’ हे मुलांनी विचारायचे प्रश्न. आणि मलिदा, आपला आभाराचा विधी. मलिद्याचं ताट म्हणजे माझ्या मते आपल्या वर्गाचं सर्वोत्तम पुस्तक. पोहे, गूळ, खोबरं, वर फळं, आणि एलियाहू हनाबी या संदेष्ट्याचं नाव. एकदा मी फळांचे दोन ढीग करायला सांगितले. झाडाच्या फळाची बेराखा वेगळी, ‘बोरे पेरी हाएत्स’. जमिनीतून येणाऱ्याची वेगळी, ‘बोरे पेरी हाअदामा’. खजूर, पेरू, सफरचंद पहिल्या ढिगात गेले. केळं मी उचलून दुसऱ्या ढिगात ठेवलं तर सगळे ओरडले, सर चुकलं! मी म्हटलं, बागेत केळीचा घड उतरवल्यावर त्या केळीचं काय करतात? शहरातली मुलं गप्प. रेवदंड्याकडची एक मुलगी सुट्टीला आली होती, ती म्हणाली, कापून टाकतात, त्या बुंध्याला परत घड येत नाही, बाजूचं पिल्लू वाढतं. झालं. जे खोड दरवर्षी टिकून पुन्हा फळ देत नाही, ते झाड नव्हे. इतक्या वर्षांत मला हाअदामा पुन्हा समजवावं लागलेलं नाही.

सणांचंही असंच. आधी आजीची नावं घ्या. नव्याचा सण, खिरीचा सण, शिळा सण, बिरड्याचा सण. मग त्यातला नव्याचा म्हणजे रोश हाशाना, आपलं नववर्ष, आणि बिरड्याचा म्हणजे तिशा बेआव, मंदिर पडल्याच्या शोकाचा दिवस, हे सांगा. यरुशलेमचं मंदिर दोनदा पडलं, इ.स.पू. ५८६ आणि इ.स. ७०, हे आकडे मुलं विसरतील, पण त्या दिवसांत घरी वालाचं बिरडं का होतं हे विसरणार नाहीत. आणि हिवाळ्यात एक रविवार वर्ग बंद ठेवून गेटवेवरून मांडव्याची बोट धरा. नवगावचं जुनं कब्रस्तान, अलिबागची इस्रायल आळी आणि मागेन आबोथ, मग खंडाळा. घाटातलं नव्हे, अलिबागजवळचं, जिथे खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा दाखवतात. आडनावातलं गाव प्रत्यक्ष दिसलं की चौदा वर्षांची मुलंही मोबाइल खिशात टाकतात.

वर्षाची आखणी बदलता आली तर बदला. आपण शाळेसारखं जूनमध्ये सुरू करतो, मग तिश्री महिन्यातले सण नेमके सहामाहीच्या तोंडावर येतात आणि वर्ग मोडतो. आम्ही सिम्हाथ तोरा, म्हणजे तोराचं वाचन पुरं होण्याचा सण, झाल्यावर, दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू करतो. सिनेगॉगमध्येही तेव्हाच बेरेशिथपासून, म्हणजे तोराच्या पहिल्या ग्रंथापासून, नवी सुरुवात झालेली असते. आठवड्याच्या पाराशाची, म्हणजे तोराच्या त्या आठवड्यातल्या भागाची, गोष्ट मराठीतून, रंगवून सांगायची. आपल्याकडे १८८० पासून कीर्तनं होती, योसेफाची, मोशेची, टाळ-झांजांसकट. मला गाता येत नाही, म्हणून मी नुसतं सांगतो. पेसाहच्या आसपास वार्षिक परीक्षा, तिथे थांबायचं. दहावीतल्या मुलांना वर्षभर सूट द्या आणि निरोप देऊ नका. मार्चमध्ये परीक्षा संपली की त्यांना मदतनीस म्हणून बोलवा. बरेचसे येतात.

फी घ्या. फुकट वर्गाला दांडी मारताना कोणालाच काही वाटत नाही. आम्ही महिन्याला शंभर रुपये घेतो. कोणी दिले, कोणी नाही, हे फक्त खजिनदारांना माहीत असतं, मला नाही, आणि तसंच बरं. पैसे सगळे नाश्त्यावर जातात, पोहे आणि केळी, बेराखा म्हणून. फक्त पोहे वर्ग संपल्यावर द्या, आधी नको. आमच्या एका सिद्दूरमध्ये अश्रेच्या पानावर हळदीचं बोट अजून उमटलेलं आहे.